गेरूचा पट्टा

पारोळ्याजवळच्या एका खेड्यात मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. एक दिवस पोस्टमनने जाडसर पाकीट आणून दिलं. आत छापील पत्र. धरणगावच्या आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर निवृत्त होताहेत, त्यांचा सत्कार आहे, गौरवग्रंथ निघणार आहे, तरी जुन्या विद्यार्थ्यांनी सोबतचा तक्ता भरून पाठवावा. तक्त्यातला तिसरा प्रश्न असा होता: ‘सरांच्या वनशिबिरांचा आपल्या आयुष्यावर झालेला कायमचा परिणाम. दहा ओळींत लिहा.’

दहा ओळींत म्हणे. खाली टिंबटिंबांच्या ओळीसुद्धा आखून दिल्या होत्या. मी मोजल्या, तर नऊच निघाल्या. कुठलीही गोष्ट आधी मोजून बघायची ही खोड त्याच सरांनी लावलेली. मला एकाच वेळी हसू आलं आणि संताप आला, आणि संताप जास्त आला. जेवणाच्या सुट्टीनंतर मी चौथीतल्या दोन पोरांना काही कारण नसताना फैलावर घेतलं. तक्ता मी भरला नाही. नऊ ओळींत काय, नव्वद ओळींतही ते मावलं नसतं. आज मात्र सांगतेच.

आमचं घर धरणगावात, सरकी काढायच्या जिनच्या मागच्या गल्लीत. वडील जिनमध्ये फिटर. त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, खानदेशात पुष्कळ घरांत वडिलांना भाऊच म्हणतात. सीझनमध्ये त्यांच्या भुवयांनासुद्धा कापसाचा तंतू चिकटलेला असायचा. चहूकडे कापसाची काळी रानं, बांधावर बाभूळ, फार तर एखादं बोरीचं झुडूप. जंगल म्हणजे आम्हाला भूगोलाच्या पुस्तकातला हिरवा ठिपका. झाडं खरी बघायला मिळत ती एरंडोलच्या रस्त्यावर, दोन्ही अंगांना लावलेले लिंब आणि चिंचा. त्यांच्या बुंध्यांना पट्टे मारलेले असायचे, खाली चुना, मध्ये गेरू, वर पुन्हा चुना, आणि गेरूवर नंबर. पट्टा मारलेलं झाड म्हणजे सरकारी झाड, त्याला हात लावायचा नाही, हे आम्हाला चालता यायला लागल्यापासून माहीत. गल्लीतल्या एकाने शेळ्यांसाठी पट्ट्याच्या लिंबाची एक फांदी तोडली, तर त्याला दिवसभर चौकीत बसवून ठेवला होता. त्याची आई डबा घेऊन गेली तेव्हा कुठे संध्याकाळी सोडला. तेव्हापासून आम्ही पोरीपोरी शाळेत जाताना पट्ट्याच्या झाडाला टेकायलासुद्धा बिचकायचो. हे एवढ्यासाठी सांगते आहे, की पुढचं सगळं ह्या पट्ट्यावरच अडलेलं आहे.

आठवीत असताना सरांनी वनशिबिरासाठी बारा मुलं निवडली. त्यात सहा मुली. मुलींना चार दिवस बाहेरगावी पाठवायचं म्हणजे ऐंशीच्या दशकात आमच्याकडे साधी गोष्ट नव्हती. आई तर सरळ नाही म्हणाली. मग सर स्वतः घरी आले. खाटेवर बसले, बशीत चहा घेतला, आणि भाऊंना म्हणाले की माझी स्वतःची मुलगी समजून नेतो आणि तशीच आणून सोडतो. भाऊ कुणावर पटकन विश्वास टाकणाऱ्यांतले नव्हते. पण सरांचा आवाजच असा होता की समोरच्याने आपोआप मान हलवावी. भाऊंनी हलवली.

दिवाळीच्या सुट्टीत पहिलं शिबिर झालं. तापी ओलांडून, चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी वनखात्याची पत्र्याची दोन क्वार्टर्स होती, तिथे उतरलो. पहिल्या सकाळी सरांनी आम्हाला लांब लांब बसवलं आणि डोळे मिटून घड्याळाची दहा मिनिटं नुसतं ऐकायला सांगितलं. शहाण्यासारखी मी पहिली दोन मिनिटं चोरून बघत होते. मग कधी डोळे खरंच मिटले ते कळलं नाही. पान पडतं त्याचा आवाज असतो, हे मला तेव्हा कळलं. वाळलेलं सागाचं पान पडलं तर घरात कुणी ताट टाकल्यासारखा आवाज होतो आणि अंजनाचं पडलं तर काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी डोळ्यांवर रुमाल बांधून आम्हाला बुंधे चाचपायला लावले. सालईची साल कागदासारखी सुटते, धावड्याची गुळगुळीत आणि गार लागते, अंजनाची खरबरीत. मी सातापैकी सात ओळखली. सर म्हणाले, हिच्या हाताला डोळे आहेत. एवढं कौतुक माझं घरात कुणी केलं नव्हतं. मी त्या माणसासाठी तापी पोहून गेले असते.

खोटं कशाला बोलू, ते चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस होते. तेच तर दुखणं आहे.

दुसरं शिबिर संक्रांतीनंतर झालं. ह्या वेळी सर म्हणाले की आता नुसतं बघायचं नाही, काम करायचं. क्वार्टर्सपासून तासाभराच्या चालीवर एक खोरं होतं, मधून नाला, दोन्ही अंगांना चढ. चढावर ठरावीक अंतराने लाकडी खुंट्या ठोकलेल्या होत्या. सर म्हणाले, ही आपली हद्द, खुंटीच्या आतलं एकूण एक झाड मोजायचं. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, वहीत लिहायचा, गेरूचा पट्टा मारायचा आणि पट्ट्यावर चुन्याने नंबर टाकायचा. छातीची उंची म्हणजे सरांच्या छातीची. आमच्या ती कपाळाला यायची. मग सरांनी प्रत्येक गटाला तेवढ्या उंचीची काठी तोडून दिली.

आमच्या गटात आम्ही तिघी. एक फीत धरायची, एक लिहायची, मी गेरूवाली. फीत धरणारी ओरडायची, ‘अंजन, एकशे बारा.’ लिहिणारीने तोच आकडा परत ओरडून सांगायचा, मगच वहीत चढवायचा, म्हणजे चूक होत नाही. खोऱ्यात सगळीकडून तेच. धावडा अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव. साग सत्तर, सत्तर. हातभर गेरू, केसांत गेरू, भाकरीला गेरूचा वास. आमच्यातल्या कुणीही सरांना विचारलं नाही की हे कशासाठी. विचारायचं काय त्यात? पट्टा कशासाठी असतो ते खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आम्ही बारा जण अख्खं खोरं सरकारी करून ठेवत होतो, आता कुणाची कुऱ्हाड चालवायची टाप नव्हती. मी तर प्रत्येक पट्टा मारून झाला की झाडाला थाप मारायचे, की जा, सुटलास.

खुंट्यांच्या वरच्या बाजूला, चढाच्या टोकाशी, एका म्हातारीची झोपडी होती. पावरा समाजाची, एकटीच राहायची. तिच्याकडे आम्ही पाणी प्यायला जायचो. तिची बोली आम्हाला कळायची नाही, मग ती आमच्याशी मोडकी अहिराणी बोलायची. सगळे तिला माय म्हणायचे, मीही म्हणायला लागले. झोपडीच्या पुढ्यात एक जुना मोह होता. मायचे आणि माझे, दोघींचे हात लावले तरी बुंधा पुरा होत नव्हता. त्या मोहावर तिचं घर चालायचं. चैत्राच्या तोंडाशी पहाटे पडलेली फुलं वेचायची, वाळवायची, थोडी भाकरीत घालायची, बाकीची बाजाराला. पुढे फळांच्या बियांचं तेल. तिने मला बियांच्या तेलाची भाजी खाऊ घातली. मी तिला माझ्या डब्यातला कळण्याच्या भाकरीचा तुकडा दिला. चार दिवसांत मी तिच्याकडे सहा वेळा गेले असेन, तहान नसतानासुद्धा.

शेवटच्या दिवशी दुपारी आमचं काम संपलं. वहीत शेवटचा नंबर पडला होता चारशे छत्तीस. डब्यात थोडा गेरू उरला होता. आणि माझ्या लक्षात आलं की मायचा मोह तर खुंटीच्या बाहेर आहे. खुंटीपासून पाच पावलं, पण बाहेर. म्हणजे खोऱ्यातल्या काटकुळ्या धावड्यांना पट्टे, आणि जिचा जीव झाडावर अवलंबून तिच्याच झाडाला नाही. उद्या कुणीही उठून येईल आणि तोडेल. मला ते काही केल्या सहन होईना.

मी डबा, काठी आणि फीत घेऊन वर गेले. मायला सांगितलं, तुझ्या मोहाला पट्टा मारून देते, मग कुणाच्या बापाचा हात लागणार नाही. तिने झाडाकडे बघितलं, मग खुंटीकडे. म्हणाली, ‘राहू दे. मोह खुटीना भायेर शे.’ मला वाटलं ती तक्रारच करते आहे, माझं झाड बाहेर ठेवलं म्हणून. मी म्हटलं, अगं म्हणूनच तर. ती पुन्हा म्हणाली राहू दे. मी ऐकते थोडीच. मी रस्त्यावरच्या लिंबांचं सांगितलं, फांदी तोडणाऱ्या माणसाचं सांगितलं, चौकीचं सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग हसून बाजूला झाली. मी काठी लावली, फितीने घेर घेतला, गेरू फासला आणि वर चुन्याने चारशे सदतीस लिहिलं. त्या चार दिवसांतला सगळ्यांत सुबक पट्टा तो. खाली येऊन वही मागून घेतली आणि माझ्या हाताने शेवटची ओळ चढवली, की मोह, तीनशे चार. नियमाप्रमाणे आकडा मोठ्याने परत म्हणायला मैत्रीण जवळ नव्हती, म्हणून माझी मीच म्हणाले.

नववीत दिवाळी झाली तरी शिबिराचं नाव निघेना. मी प्रयोगशाळेत जाऊन विचारलं. सर परीक्षानळ्या धूत होते. म्हणाले की ह्या वर्षी पाल गावाच्या बाजूला बघू, त्या खोऱ्यात आता जाता येणार नाही, तिथे तलाव होतो आहे. मला आधी आनंदच झाला. तलाव म्हणजे पाणी, पाणी म्हणजे पक्षी, असं काहीसं डोक्यात आलं. मग मी विचारलं, झाडांचं काय?

‘झाडांचं काय म्हणजे? पाण्याखाली जाणारी झाडं आधी काढतात. निघाली असतील एव्हाना. आपणच नाही का मोजून दिली?’

मी म्हटलं, पण त्यांना पट्टे होते.

सरांनी नळी खाली ठेवली. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही वेगळ्याच भाषेत बोलले. म्हणाले, अगं, पट्टा म्हणजे काढायचं झाड. मागून खात्याची माणसं येऊन त्या पट्ट्यावर हातोड्याने छाप मारतात, छाप असलेलं झाड ठेकेदार तोडतो. रस्त्याकडेचा पट्टा वेगळा आणि जंगलातला वेगळा. तुम्हाला काय वाटलं?

आम्हाला काय वाटलं! बारा पोरं चार दिवस राबली, एकमेकांना शाब्बास म्हणत राबली, आणि त्या माणसाला एकदाही वाटलं नाही की ह्यांना काय वाटतंय ते विचारावं. मी विचारलं, तुम्हाला आधीपासून माहीत होतं?

सर खोटं बोलले नाहीत, एवढं श्रेय त्यांना देते. म्हणाले की माहीत होतं. शिबिरासाठी ते दोन वर्षं खेटे घालत होते, राहायला जागा मिळत नव्हती, गाडी मिळत नव्हती. मग वनखात्याच्या एका साहेबाने सांगितलं की आमच्याकडे मोजायला माणसं नाहीत, तुमच्या मुलांकडून खोरं मोजून द्या, क्वार्टर्स तुमची. ‘मला तुम्हाला जंगल दाखवायचं होतं,’ सर म्हणाले. ‘आणि आधी सांगितलं असतं, तर तुम्ही मोजलं असतंत का?’

ह्या वाक्याला आज इतकी वर्षं झाली. उत्तर ‘नाही’ असंच होतं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. म्हणून तर सांगितलं नाही.

मी त्यांना चारशे सदतीसबद्दल विचारलं. त्यांनी कपाटातून वहीची नक्कल काढली. बोट खाली खाली नेत शेवटच्या ओळीवर थांबले. तीनशे चार घेराचा मोह, हा कुठून आला, असं स्वतःशीच म्हणाले. मी सांगितलं की खुंटीच्या बाहेरचा. त्यावर ते चिडले. हद्दीबाहेरचं झाड घेतलंसच कसं, कुणाला विचारून, असं म्हणाले. मी म्हटलं, वही तुम्ही तपासली नाही का? त्यांनी वही मिटली आणि नळ्या धुवायला घेतल्या. मी तिथून निघाले ती थेट घरी. शाळा सुटायला दोन तास होते. आईने विचारलं तर पोटात दुखतं म्हणून सांगितलं.

लोक म्हणतात, लहानपणीचं विसरायला होतं. मला नाही झालं. त्या गौरवग्रंथात माझ्या बरोबरीच्यांनी लिहिलं असेलच की सरांनी निसर्गावर प्रेम करायला शिकवलं. ते खोटं नाही. माझ्या हाताला अजून डोळे आहेत. अजून कुठल्याही गावी गेले तर मी आधी बुंध्यावर हात ठेवते. सरांनी फसवलं म्हणून त्यांनी दिलेलं फेकून द्यावं, तर ते अंगात मुरलेलं, निघत नाही. पूर्ण वाईट माणूस असता तर मी त्याला शिव्या देऊन मोकळी झाले असते. त्याने मला तेवढीही सोय ठेवली नाही. वर्गात पोरांना साधा कागद उचलायला सांगितला तरी मी आधी कशासाठी ते सांगते. पोरं कंटाळतात. रस्त्याकडेच्या झाडांना पट्टे मारणारी माणसं दिसली की मी अजूनही तोंड फिरवते. हे माझ्यावर झालेले कायमचे परिणाम, आणि ते कुणी छापणार नाही.

तर, त्याच वर्षी होळी झाल्यावर भाऊंचं चोपड्याच्या जिनमध्ये एका मशीनचं काम निघालं. मी हट्ट धरला की मलाही यायचं आहे आणि तिथून पुढे जायचं आहे. भाऊंना मी सगळं सांगितलं होतं. ते त्या दिवशी माझ्याबरोबर एसटीने पायथ्यापर्यंत आले आणि तिथून उन्हात चालतही आले. खोऱ्याच्या तोंडाशी मातीचा बांध अर्धा उभा राहिला होता. आत सगळी थुटकं. जमिनीसरशी तोडलेली, उन्हात पांढरी पडलेली. मी मोजायला लागले आणि मग थांबले. भाऊ खाली नाल्याच्या काठाला बसले. म्हणाले, तू जाऊन ये.

मोहाचं थुटकं झोपडीसमोर होतं. त्यावर मायने वाळायला मिरच्या घातल्या होत्या. फुलांचे दिवस होते, पण अंगणात एक फूल नव्हतं. मायने मला लांबूनच ओळखलं. जवळ घेतलं, पाणी दिलं, एवढी मोठी झालीस असं काहीतरी म्हणाली. मी पाणी पिताना मान वर केली. झोपडीच्या मागे आणि बाजूला तिची उरलेली झाडं होती, दोन तरणे मोह, एक चिंच, एक चारोळी, एक बेल. पाचही झाडांना पट्टे होते.

गेरूचे नव्हते, तांबड्या मातीचे होते. वाकडेतिकडे, ओघळलेले, ताजे. वर राखेने काहीतरी रेघा ओढलेल्या. तिला आकडे येत नव्हते, मी लिहिताना जे दिसलं असेल तसं तिने काढलं होतं.

तिने मला झाडाझाडापाशी नेऊन दाखवलं. सांगितलं ते असं, की मोह तोडला त्या दिवशी ती लेकीकडे गेली होती. आली तो झाड आडवं. तिने खूप विचार केला आणि तिला कारण सापडलं. ‘पानीमा तुना पट्टा धुवाई गया,’ ती म्हणाली, म्हणजे पावसाने धुऊन गेला, म्हणून त्यांना दिसला नाही आणि त्यांनी तोडला. आता ती धुऊ देत नाही, आठवड्याला नवा मारते. मला तिने हेही सांगितलं, की खुंट्या ठोकायला आलेल्या साहेबाने तिला शब्द दिला होता, पाणी खुंटीच्या वर येणार नाही, तुझा मोह आहे तिथेच राहील. तेव्हा तिला तेच खरं वाटलं होतं. पट्टा तिने मला नुसता माझ्या हौसेसाठी मारू दिला होता.

‘साहेबनी गोट खोटी निंघनी,’ ती म्हणाली, आणि माझ्या गालावरून हात फिरवला. ‘तुनी खरी.’

मला पळून जावंसं वाटलं. भाऊ खाली होते, उतरून गेले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण दर आठवड्याला ती पट्टे मारत होती, आणि तलावाचं काम बघायला खात्याची माणसं येत-जात होती. मी तिच्या हातातला तांब्या घेतला, चिंचेपाशी गेले आणि ओढणीचं टोक भिजवून पट्टा पुसायला लागले. माती होती, लगेच सुटली. माय धावत आली.

‘कसाले पुसस, पोरी?’

मी थांबले नाही. चिंचेचा पुसला, बेलाचा पुसला. ती माझा हात धरायला लागली तेव्हा मला सांगावंच लागलं. मी तिच्या तोंडाकडे न बघता सांगितलं. ‘ज्याले पट्टा, तेच झाड तोडतस, माय. माले माहीत नव्हतं.’

तिने हात सोडला. मी तिसऱ्या झाडाकडे गेले. मग मागून पावलं वाजली, आणि ती दुसऱ्या बाजूने, तिच्या लुगड्याच्या पदराने, त्याच झाडाचा पट्टा पुसायला लागली. आम्ही दोघींनी ते झाड पुसलं, मग उरलेली दोन. साल पुन्हा काळी दिसेपर्यंत पुसली. तांब्या संपला तेव्हा तिने आतून दुसरा भरून आणला.

शेवटच्या झाडापाशी तिचा हात थांबला. ती माझ्याकडे बघत नव्हती, मिरच्या वाळत होत्या तिकडे बघत होती.

‘मंग साहेब खरं बोलना व्हता,’ ती म्हणाली.